चाळीस सेकंदांची रजा

वाचकहो, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी तारेला लटकून दरी ओलांडली, असे सांगितले तर आपण हसाल. अवश्य हसावे, माझ्या सुनेलाही हसू आवरले नव्हते. परंतु हा लेख फुशारकी मिरवण्यासाठी नाही. घरातल्या आजारी माणसाची अहोरात्र शुश्रूषा करणारे आपल्यापैकी जे आहेत, त्यांच्याशी मला थोडे बोलावयाचे आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. वाचाही गेली, चार-दोन शब्द तेवढे उरले. तेव्हापासून मी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. गेल्या हिवाळ्यात शाळेपासूनच्या तिघी मैत्रिणींनी पाचगणीचा दोन दिवसांचा बेत आखला आणि मी सवयीने नकार दिला. तेव्हा मुलगाच म्हणाला, “आई, मी रजा काढतो. तू जा.” औषधांचा तक्ता भिंतीवर लावून, डॉक्टरांचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून मी निघाले. वाई सोडून पसरणीचा घाट चढेपर्यंत घरी तीनदा फोन केला होता!

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर. आम्ही उतरलो त्या रिसॉर्टच्या आवारात झिपलाइन होती. दोन टोकांमध्ये ताणलेली पोलादी तार, तिच्यावरून धावणारी कप्पी, आणि कमरेला व मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांच्या आधारे त्या कप्पीला लटकलेला माणूस. एक टोक उंच, दुसरे सखल. त्यामुळे इंजिनावाचून केवळ स्वतःच्या वजनाने माणूस घरंगळत जातो. म्हणूनच तिथे प्रत्येकाचे वजन करतात. फार हलका माणूस मध्येच अडकू शकतो, फार जड माणूस पलीकडे वेगाने आदळू शकतो.

आधी एक छापील अर्ज भरावयाचा होता. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया – प्रत्येकापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’. आमच्यातल्या एकीच्या हाडांची घनता तपासली होती, तेव्हा टी-स्कोअर उणे २.८ आला होता. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला अस्थिविरलता म्हणतात. तिचे पेन ‘नाही’वर क्षणभर थबकले. “कोणाला कळणार आहे?” ती हळूच म्हणाली. मी म्हटले, “अगं, तुझ्या मणक्याला कळेल.” पलीकडे पोहोचताना ब्रेकचा जो हिसका बसतो, तो ठिसूळ मणक्याला मानवणारा नसतो. ती थोडी रुसली, पण तिने ‘होय’वर खूण केली आणि आमचे चष्मे सांभाळत खाली बसली. माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात होता. निघण्यापूर्वी मी डॉक्टरांना विचारले होते; त्यांनी परवानगी देताना “पट्ट्या सुटल्यावर लगेच चालू लागू नका, थोडे बसा,” एवढे बजावले होते.

शिरस्त्राण चढले, पट्ट्या आवळल्या गेल्या. मग तिथला मुलगा म्हणाला, “आजी, फोन इथे ठेवा.”

खरे सांगते, दरीची भीती मला तोवर वाटली नव्हती. ती त्या क्षणी वाटली. तीन वर्षे तो फोन न्हाणीघरातसुद्धा माझ्या हाताशी असे. मी म्हटले, “घरी पेशंट आहेत.” तो नम्रपणे म्हणाला, “पाच मिनिटांचं काम आहे, आजी.” मी फोन त्याच्या टोपलीत ठेवला. उडी खरी तिथेच घेतली गेली; त्यानंतरची केवळ तारेवरची होती.

पायांखालची फळी सुटली. कप्पीचा घरघराट, गालांना झोंबणारा वारा, खाली झाडांचे शेंडे. जेमतेम चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत गोळ्यांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा, काहीही मनात आले नाही. हे पलीकडे पोहोचल्यावर ध्यानात आले आणि मला अपराधी वाटले.

फोन परत मिळाला तेव्हा घरून एकही फोन आलेला नव्हता. मला हायसे वाटले. आणि, हे कबूल करणे अवघड आहे, किंचित दुखलेही. माझ्यावाचून घर चालते तर!

घरी परतले तेव्हा मुलगा कमरेला शेक घेत बसला होता. “आई, बाबांना खुर्चीत बसवताना माझी पाठ गेली. तू तीन वर्षं हे कसं केलंस?” मी त्याला दाखवले: खुर्ची यजमानांच्या चांगल्या बाजूला लावायची, तिचे ब्रेक घट्ट करायचे, आपण कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायचे आणि लुळा हात धरून कधीही ओढायचे नाही, त्याने खांदा निखळू शकतो. ही रीत मी त्याला आजवर शिकवलीच नव्हती. मला कोणी मदत करत नाही, ही माझी तक्रार जुनी होती. पण मदत करता येईल असे मीच कोणाला काही शिकवले नव्हते.

वाचकहो, आपण झिपलाइनवर जावे असे मी मुळीच म्हणत नाही. अस्थिविरलता, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये, आणि अर्जात खोटे तर कधीच लिहू नये. माझे सांगणे इतकेच, की आपण करता ती कामे घरातल्या दुसऱ्या एकाला तरी हाताला धरून शिकवा. तक्ता भिंतीवर लावा. मग देवळात, बागेत, मैत्रिणीकडे, कुठेही जा. पण फोन पिशवीत ठेवून जा. शुश्रूषा करणारा माणूस अंथरुणाला खिळला तर एका घरात दोन रुग्ण होतात.

आता महिन्यातले दोन रविवार मुलगा सांभाळतो. त्या दिवशी यजमानांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी डावा हात उचलला, हवेत वरून खाली घसरवत नेला आणि तोंडाने “सुंऽऽ” असा आवाज काढला. मग माझ्याकडे बोट दाखवून ते कितीतरी वेळ हसत राहिले.