नऊ गुंठ्यांचा ठिपका

राजहंसगडाच्या तटावर उभे राहिले की येळ्ळूरची भातशिवारे दिसतात आणि त्यांच्या पलीकडे आपले बेळगाव. गेल्या जानेवारीत भूगोलाच्या विद्यार्थ्यांना घेऊन गडावर गेलो, तेव्हा पिशवीत शिदोरीबरोबर दोन छापील चित्रे होती. दोन्ही उपग्रहांनी टिपलेली, दोन्ही जानेवारीचीच. एक १९९० च्या सुमाराचे, दुसरे अलीकडचे.

चित्रे पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"सर, शेतं लाल कशी?" पहिला प्रश्न ठरलेला.

हिरवे पान आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फेकते. उपग्रह ते टिपतो आणि छापताना त्यांना लाल रंग देतात. त्यामुळे भात निघाल्यावर ओलीवर वाढणारे मसूर-वाटाणे लाल दिसतात, तर घरे-रस्ते निळसर राखाडी. महिना मात्र एकच हवा. उन्हाळ्यात उघडी पडलेली शेते आणि नवी वस्ती चित्रात सारखीच भासू शकते. पावसाळ्यात तर नुसते ढग.

जुने चित्र लँडसॅट-५ चे. १९८४ साली सोडलेला हा अमेरिकन उपग्रह २०१३ पर्यंत चालला. २००८ पासून लँडसॅटचा जुना साठा सर्वांना मोफत खुला झाला, म्हणून तो आमच्यासारख्या कॉलेजपर्यंत पोचला. त्यातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब-रुंद जमीन, सुमारे नऊ गुंठे.

मुलांची बोटे शहापूर-वडगावकडे फिरू लागली. जुन्या चित्रात वस्तीला खेटून असलेला लाल पट्टा नव्यात बराच मागे सरकलेला. हमरस्त्याकडे २०१२ साली उद्घाटन झालेली सुवर्णसौध जुन्यात अर्थातच नाही.

"शेतकऱ्यांनी विकायलाच नको होतं," एक मुलगी म्हणाली.

मी काही क्षण गप्प राहिलो. वडगावच्या शिवारात आमचे एक एकर होते, बासमतीचे. चित्रात साडेचार ठिपके. २००३ साली बाबांनी ते विकले. ताईचे लग्न झाले, माझी एम.ए.ची फी भरली गेली. मुलांना तसे सांगून टाकले. रंग कधी बदलला ते उपग्रह सांगतो. का बदलला ते घरातल्यांनाच ठाऊक असते. आणि कधीचेही पूर्ण खरे नाही. आमच्या शेतात प्लॉटचे दगड रोवल्यावर कितीतरी वर्षे घरे नव्हती. वरून पाहणाऱ्याला ते पडीक रानच वाटले असेल. आमच्या उताऱ्यावरून मात्र ते केव्हाच गेले होते.

उतरायच्या वेळी येळ्ळूरचा एक मुलगा मागे रेंगाळला. "सर, आमचं शेत यात कुठं?"

नवे चित्र युरोपच्या सेंटिनेल-२ चे, दहा मीटरचे. ठिपका जवळजवळ एका गुंठ्याचा. ओढा आणि रस्ता धरून आम्ही शेत शोधले. वीस गुंठे, वीसेक ठिपके, सगळे लाल.

"बाबा इसार घ्यायचं म्हणतात," तो हळूच म्हणाला. "हे घरी नेऊ?"

विकू नका, असे सांगायचा अधिकार मला नव्हता. चित्राची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. निदान काय देतो आहोत, ते एकदा सगळ्यांनी मिळून बघावे.