सिंगल बेल, डबल बेल

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका ज्युनियरने जेवताना विचारलं, "सर, तुम्ही ख्रिश्चन लोक म्हणता ना, देवाने मला असं करायला सांगितलं म्हणून... म्हणजे नक्की कसं सांगतो? आवाज येतो का?"

मी "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. एक तर दीड वाजता कॉल होता. आणि दुसरं म्हणजे खरं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. आज शनिवार, लेक चित्रकलेच्या क्लासला गेलीये, बायकोची मॉर्निंग शिफ्ट आहे, चहाचा दुसरा कप हातात आहे. तेव्हा सांगूनच टाकतो.

आवाज येत नाही. निदान मला तरी आजवर आलेला नाही. पण 2018 साली देव माझ्याशी बोलतोय अशी माझी पक्की खात्री झाली होती. त्याची ही गोष्ट.

आमच्या चर्चमध्ये 31 डिसेंबरच्या रात्री उपासना असते. बारा वाजायच्या आधी सुरू होते आणि नवीन वर्षात संपते. शेवटी एका टोपलीत बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या फिरवतात. प्रत्येकाने एक उचलायची, ते त्याचं वर्षभराचं वचन. तुमच्यापैकी कोकणातल्या लोकांना देवाला कौल लावणं माहीत असेल. पाळकसाहेबांना ही तुलना आवडणार नाही, पण चिठ्ठी उचलताना माणसाच्या पोटात जे होतं ते साधारण सारखंच असावं.

मला आली अब्राहामाची चिठ्ठी. आपला देश आणि आपलं गणगोत सोडून मी दाखवीन त्या देशात जा, असं देव अब्राहामाला सांगतो ते वचन. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून विचारलं, "जर्मनीला जाशील का? दोन वर्षं, फॅमिलीसकट."

आता बोला!

तिथून पुढे मला जिकडे तिकडे खुणा दिसायला लागल्या. पुढच्याच रविवारी प्रवचन अब्राहामावर. पासपोर्ट रिन्यूअलचं पोलीस व्हेरिफिकेशन, ज्याच्या नावाने सगळे रडतात, ते चार दिवसांत झालं. एका मित्राने मी न मागता त्याचं जाडजूड हिवाळी जॅकेट आणून दिलं, "पडूनच आहे, घे" म्हणाला. मंडळीतले लोक हात हातात घेऊन सांगायचे, "देवाची योजना आहे बरं का." मी मान डोलवायचो. मनातल्या मनात माझी युरोपातली घरं बघून झाली होती.

एक बारीकसा मुद्दा मी या सगळ्यात बाजूला ठेवला होता. माझे सासरे नगरला (आता कागदावर अहिल्यानगर, आमच्या तोंडी नगरच) डायलिसिसवर होते. मंगळवार आणि शनिवार. मंगळवारी मेव्हणा सुट्टी टाकून न्यायचा. शनिवारी बायको पुण्याहून जायची. ती नर्स आहे. शुक्रवारची नाइट करून सकाळी शिवाजीनगरहून एसटी पकडायची आणि सुपा येईपर्यंत बसमध्ये झोपायची. मी शनिवारी लेकीला सांभाळायचो आणि त्यालाच मोठा त्याग समजायचो.

एका संध्याकाळी मी तिला हे सगळं एकदम मांडून सांगितलं. चिठ्ठी, प्रवचन, व्हेरिफिकेशन, जॅकेट. अगदी प्रेझेंटेशन दिल्यासारखं. आणि शेवटी म्हटलं, "मला वाटतं, देव आपल्याला जायला सांगतोय."

ती गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला सांगितलं. मला का नाही सांगितलं? मीपण याच घरात राहते ना?"

मी म्हटलं, "अगं, प्रार्थना कर, तुलाही कळेल."

"रोज करते. शनिवारी बसमध्ये करते."

बस्स. त्यानंतर चार दिवस आमच्यात दूध, गॅस, स्कूल व्हॅन एवढ्याच विषयांवर बोलणं झालं. आणि मला तिचाच राग आला होता, हे कबूल करतो. देव आणि मी एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला, असा माझा हिशोब होता. आज लिहितानासुद्धा कसंतरी होतं.

त्या शनिवारी तिला नाइटनंतर डबल ड्युटी लागली. म्हणून मी गेलो नगरला. लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं.

डायलिसिस म्हणजे चार तास. माणूस खुर्चीत, शेजारी मशीन, नळ्यांमधून त्याचंच रक्त बाहेर जातंय आणि धुऊन परत येतंय. मी लॅपटॉप नेला होता, पण उघडवेना. पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. पंचवीसच्या वर वर्षं त्यांनी पुणे विभागात आणि नगर विभागात गाड्या मारल्या. बोलायला कमी. तासभर आम्ही दोघे गप्प. शेवटी मीच म्हटलं, "पप्पा, जर्मनीचं ताईंनी सांगितलं असेल तुम्हाला." (सासूबाईंना सगळे ताईच म्हणतात.) "देव बोलावतोय असं वाटतंय. तुम्ही काय म्हणता?"

ते म्हणाले, "जावईबापू, मी जा म्हणणार नाही अन् थांबा बी म्हणणार नाही. माझ्यासाठी थांबलात तर ते वझं माझ्या डोक्यावर." मग थोडं थांबून म्हणाले, "एसटीत सिंगल बेल म्हणजे काय?"

"थांब."

"डबल?"

"चल."

"बरोबर. मागं काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. कोण उतरतंय, कोणाचं गाठोडं अडकलंय. म्हणून घंटी." मग त्यांनी एका रात्रीची गोष्ट सांगितली. शेवटची गाडी. घरी पोरगी, म्हणजे माझी बायको, तापाने फणफणलेली. एका फाट्यावर गाडी थांबली, घंटी वाजली, त्यांनी गिअर टाकला. एक म्हातारी अजून पायरीवर होती. पडली. नशिबाने कोपर खरचटण्यावर भागलं. कंडक्टर ओरडत पुढे आला, "मी सिंगल मारली होती!"

"त्यानं एकच मारली होती," पप्पा म्हणाले. "पण बायबलावर हात ठेवून सांगतो, मला दोन ऐकू आल्या. मी खोटं बोलत नव्हतो. मला घरी जायचं होतं."

पुढे ते काही बोलले नाहीत. डोळे मिटून पडून राहिले. मी मशीनवरचे आकडे बघत बसलो.

परतीच्या बसमध्ये मला गिदोन आठवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बायबलच्या जुन्या करारात शास्ते नावाचं पुस्तक आहे, त्यात हा गिदोन येतो. देव त्याला शत्रूशी लढायला पाठवतो, आणि हा घाबरट माणूस खूण मागतो. रात्री खळ्यात लोकर ठेवतो. म्हणतो, सकाळी फक्त लोकर दवाने भिजलेली आणि जमीन कोरडी असेल तर मी मानीन. तसंच होतं. वाटीभर पाणी पिळून निघतं. पण गडी तेवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या रात्री उलटं मागतो: आता लोकर कोरडी राहू दे आणि जमीन ओली.

ही गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकत आलोय. पण त्या दिवशी पहिल्यांदा टेस्टरच्या नजरेने बघितली. लोकर पाणी धरून ठेवतेच. ती सकाळी ओली निघाली यात विशेष काय, ऊन आल्यावर जमीन आधी वाळते. पहिली टेस्ट पास होणं पुरेसं नव्हतं, हे गिदोनाला कळलं असावं. म्हणून त्याने उलटी टेस्ट घेतली. आणि मी? माझ्या सगळ्या टेस्ट केसेस 'जा' म्हणणाऱ्या. 'थांब' असं उत्तर यायचं असेल तर ते कुठल्या खुणेतून येईल, हे मी कधी ठरवलंच नव्हतं. ते उत्तर गवार निवडत माझ्यासमोर बसलं होतं, आणि मी त्याला बग म्हणून क्लोज केलं होतं.

आणखी एक फरक. गिदोनाला जे काम नको होतं त्यासाठी तो खूण मागत होता. मला जे हवंच होतं त्यासाठी मी खुणा गोळा करत होतो. चिठ्ठी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण त्याच टोपलीतून आईबापांचा मान राखण्याबद्दलची चिठ्ठी आली असती, तर मी "वा, छान वचन आहे" म्हणून पाकिटात ठेवून दिली असती आणि जर्मनीलाच गेलो असतो. हे मला माझ्याबद्दल नक्की माहीत आहे.

घरी येऊन रात्री प्रेषितांची कृत्ये काढलं, सोळावा अध्याय. पौल प्रवासाला निघालाय. आसिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्मा मना करतो. मग बिथुनियाकडे जायचा प्रयत्न करतात, तिथेही नाही. म्हणजे सुरुवातीलाच दोन 'नाही'. मग त्रोवसला रात्री पौलाला दृष्टान्त होतो, मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावतोय. दृष्टान्त एकट्या पौलाला. पण त्याच्यानंतरचं वाक्य बघा. 'पौलाने ठरवलं' असं तिथे नाही. 'आम्ही' असं आहे. आम्ही त्याचा अर्थ काढला, आम्ही निघालो. त्या पुस्तकात लिहिणारा 'आम्ही' म्हणायला लागतो ते इथूनच. बघितलं एकाने आणि ठरवलं सगळ्यांनी. इतकी वर्षं वाचून मला तो 'आम्ही' दिसला नव्हता.

मराठी माणसाला याचं जवळचं उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. खूण म्हणावी तर केवढी मोठी! टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. पण ती खूण टिळकांना होती, लक्ष्मीबाईंना नव्हती. त्यांच्या वाट्याला आला तो विरह आणि लोकांचे शब्द. त्या पुढे काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, पण त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण खूप हसतो, पण एकाला मिळालेल्या हाकेची किंमत दुसऱ्याला किती द्यावी लागते, तेही त्यात सगळं आहे. माझ्या बायकोचं ते "मला का नाही सांगितलं" वाचलं असतं तर लक्ष्मीबाई खुदकन हसल्या असत्या, आणि मग माझ्याकडे रोखून बघितलं असतं.

तर रविवारी मी बायकोला म्हटलं, "मला दोन ऐकू आल्या. तुला किती?"

तिला आधी कळलंच नाही. मग वडिलांची गोष्ट आठवून ती हसली आणि मग रडली. म्हणाली, "एक."

सोमवारी मॅनेजरला नाही सांगितलं. तीन महिन्यांचं काही असेल तर बघा म्हटलं, ते जमलं नाही. माझ्या जागी टीममधला दुसरा गेला. तो अजून तिकडेच आहे, घर घेतलंय, फोटो टाकतो, छान आहेत. माझं प्रमोशन पुढे दोन वर्षं रखडलं. कुठला चमत्कार वगैरे झाला नाही. पप्पा बरे झाले नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये ते गेले.

पण मधले दीड वर्ष शनिवार आम्ही वाटून घेतले, एक तिचा, एक माझा. माझ्या शनिवारी मी आणि पप्पा त्या खोलीत चार तास बसायचो. ते मला प्रत्येक घाटाची गोष्ट सांगायचे. शेवटी शेवटी बोलवत नसे, तेव्हा नुसतं बसायचो. सगळं संपलं त्या दिवशी बायको मला म्हणाली, "तू होतास." दोनच शब्द. देव माझ्याशी कधी बोलला असेल, तर मला वाटतं तेव्हा बोलला.

हे देवाचंच मार्गदर्शन होतं का? छातीठोक सांगता येणार नाही. गेलो असतो तर तो जर्मनीतही असताच. पण तेव्हापासून मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. मला जे आधीच हवंय तेच देव म्हणतोय का? असेल तर दुप्पट सावध. उत्तर 'नाही' असेल तर ते यायला मी एक तरी दार उघडं ठेवलंय का? आणि ज्याला याची किंमत मोजावी लागणार आहे, त्याला किती घंट्या ऐकू आल्या?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रार्थनेत मिळत नाही. ते उठून स्वयंपाकघरात जाऊन विचारावं लागतं.

चिठ्ठी मी अजूनही उचलतो. सवय आहे, आणि आवडतंही. फक्त आता चर्चबाहेर आल्यावर आम्ही दोघं पार्किंगमधल्या दिव्याखाली चिठ्ठ्यांची अदलाबदल करतो. तिची मी वाचतो, माझी ती :-)

असो. दार वाजलं, लेक आली वाटतं. ज्युनियरला सोमवारी या पोस्टची लिंक देतो. तोंडाने सांगायला आपल्याच्याने होणार नाही.