हयातीचा दाखला

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि ब्रिटिश सरकारने त्यांच्या स्मरणार्थ तिथे शिळा बसवली. गावाबद्दल जे लिहिलं जातं ते या शिळेपाशी सुरू होतं आणि बहुधा तिथेच संपतं. शिळेपुढे हात जोडावेत, त्याबद्दल वाद नाही. पण फौजी गाव समजून घ्यायचं तर पाहायला हवा तो तिथल्या जुन्या घरांचा सोपा, आणि सातारा भागात आता तोच गावोगाव दिसेनासा झाला आहे. पेन्शनीत आलेला आजोबा तिथे बसे. मातीची घरं पाडून स्लॅबची उभी राहिली तेव्हा सोपा गेला, कोनाडा गेला, आणि जिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं असे ती काळी पत्र्याची ट्रंक भंगारात गेली. शिळा मात्र जागच्या जागी आहे. मरण आपण दगडावर कोरतो आणि म्हाताऱ्याचं लांबलचक जगणं घराबरोबर पाडतो. माझं म्हणणं असं, की फौजी गाव घडवलं ते परत आलेल्यांनी, आणि नोंद नेमकी त्यांचीच झाली नाही.

मराठा पलटणीतल्या दोन शिपाईगड्यांचं उदाहरण घ्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव दोघेही नोव्हेंबर १९२१ चे; एक माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, दुसरा नगर जिल्ह्यातल्या निमजचा. दोघांनीही दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो इटलीत. घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात शत्रूची मशीनगन एकट्याने बंद पाडून तिथेच पडले. वय २२. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभं राहिलं, आणि ते योग्यच झालं. जाधव कंपनीचे निरोप्या होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी मारा चालू असताना दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं, मग एकट्याने परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाची आरोळी ठोकली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. हे सगळं प्रशस्तिपत्रात आहे. त्यानंतर ते ३९ वर्षं जगले. १९८४ मध्ये गेले. त्या ३९ वर्षांना प्रशस्तिपत्र नाही. एका दिवसाचा तपशील असा पावलापावलाने लिहून ठेवणाऱ्या व्यवस्थेला चार दशकांसाठी एक ओळ पुरते. ज्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याची ही गत, तर एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरावरून किंवा इटलीच्या चिखलातून साध्या शिपायाच्या हुद्द्यावर नाव कापून घरी आलेल्याची नोंद कुठे शोधायची?

आणि असे शिपाई थोडेथोडके नव्हते. १९३९ साली हिंदी फौज सुमारे दोन लाखांची होती, १९४५ मध्ये ती पंचवीस लाखांवर गेली. मृतांचा आकडा ८७ हजारांच्या घरात आहे. म्हणजे फार मोठ्या संख्येने माणसं परत आली, आणि गावावर परिणाम झाला तो या परतण्याचा. नाहीतर ज्या गावाने एका युद्धात ४६ मुलगे गमावले, त्याने पुढच्या पिढीला भरतीच्या रांगेत उभं का केलं असतं? मेलेल्याची बातमी कुणाला पलटणीत ओढत नाही. ओढतो तो रजेवर आलेला, मनीऑर्डर पाठवणारा, नकाशावर बोट ठेवून 'इथं होतो' म्हणणारा माणूस. फौजेत हिंदुस्थानी भाषा रोमन लिपीत शिकवली जाई. ज्याच्या घरात कुणी पाटी धरली नव्हती तो शेतकऱ्याचा मुलगा अक्षरं ओळखत परत येई. ज्याला अक्षराची किंमत कळली त्याने नातवाला शाळेत घातलं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात निघालं, ते मला या मातीला साजेसं वाटतं.

या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. त्याचे आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते, वडील रामजी सुभेदार फौजी शाळेत शिकवून निवृत्त झालेले. पेन्शनीत आलेल्या या सुभेदाराने मुलाच्या अभ्यासासाठी काय केलं नसेल! ज्या समाजाला शाळेत बाजूला बसवलं जाई, त्यातल्या घरात पुस्तक शिरलं ते दोन पिढ्यांच्या पलटणीतून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घडणीचं सगळं श्रेय फौजेला देणं चूक ठरेल. पण युद्धस्मारकावर नाव नसलेल्या निवृत्त फौजीने घरात काय पेरलं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

यावर कुणी म्हणेल, ज्याने प्राण दिला त्याची बरोबरी नव्वदी गाठलेल्याशी कशी करायची? दीर्घायुष्य हाच त्याचा मोबदला नाही का? बरोबरी मी करत नाही. शिळेवरचं एकही नाव पुसायचं नाही. पण जगणं हा नुसता मोबदला नव्हता. शेजारी पडलेल्याच्या आईला तोंड दाखवायचं काम परत आलेल्याचंच होतं, आणि ते एका दिवसात संपत नव्हतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ही माणसं साम्राज्यासाठी, पगारासाठी लढली; त्यांचं कौतुक कशाला? पगारासाठी गेली, हे खरं आहे. माण-खटावच्या कोरडवाहू रानात पोट भरत नव्हतं, तेव्हा भरती हा मार्ग होता. पण त्या रानाचा दोष त्या पोराच्या माथी मारू नये. युद्ध कुणी पुकारलं याचा जाब पुकारणाऱ्याला विचारावा. तिसरं म्हणणं मला सर्वांत जवळचं वाटतं, की ही माणसं स्वतःच बोलली नाहीत. गाव त्यांना हवालदार आबा म्हणे, त्यांच्या बायकोला सुभेदारीण म्हणे, आणि तेवढ्यात सगळा इतिहास मावून जाई. त्यांच्या न बोलण्याचा मान ठेवावा. पण त्यांनी गप्प राहणं आणि आपण न विचारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा दोष आपला आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. धुतलेला सदरा, टोपी, हातात पेन्शनचं पुस्तक. दिवाळीनंतरच्या थंडीत एसटीची वाट पाहत उभा राहिलेला ताठ पाठीचा म्हातारा हे साताऱ्याकडच्या थांब्यांवरचं जुनं दृश्य. आपण जिवंत आहोत हे त्याने वर्षातून एकदा सही-अंगठ्याने सिद्ध करायचं. युद्धापुरते भरती झालेल्या अनेकांच्या वाट्याला तर पेन्शनही आलं नाही, त्यामुळे हा दाखलाही नाही. लढाई संपल्यावर थोडी रक्कम हाती देऊन त्यांना घरी धाडलं, आणि पेन्शनच्या कागदांवर ते पुढे शिपाई म्हणून हयात नव्हते.

१९४५ मध्ये अठराव्या वर्षी भरती झालेला माणूस आज शंभरीला टेकलेला असेल. त्या पिढीला आता बहुधा विचारता येणार नाही, पण १९६५ आणि १९७१ चे आजोबा अजून आहेत. तुमच्या घरात किंवा भावकीत असा कुणी असेल तर त्याची पलटण, नंबर आणि भरतीची तारीख लिहून घ्या. मग नाव कापून आल्यापासून आजपर्यंत काय काय केलं ते विचारा: विहीर कधी खणली, कोणाला शाळेत घातलं, कोणाच्या दारात निरोप घेऊन गेले. ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी तिच्यावरची अक्षरं वहीत उतरवून ठेवा.