पायाखालचे बटण

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पाय कशासाठी दिले आहेत, हे मला पहिली दोन वर्षे कळले नव्हते. हातांनी नोटा मोजायच्या असतात, डोळ्यांनी सह्या ताडून पाहायच्या असतात, कानांनी ग्राहकाचे ऐकून न ऐकल्यासारखे करायचे असते. पाय आपले काउंटरखाली अंधारात पडून! (२०२४ सालापासून आम्हां कारकुनांना ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणू लागले आहेत. त्यानेही पायांचे काम वाढलेले नाही.) तिसऱ्या वर्षी मला कॅशवर बसवले आणि पायांचा उपयोग कळला. काउंटरखाली एक लोखंडी पट्टी होती. पाय टेकायला बरी सोय केली आहे, अशा समजुतीने मी तिच्यावर उजवा पाय ठेवला, आणि दरोडा पडल्याचा भोंगा वाजला.

शाखाधिकारी केबिनमधून बाहेर येण्याऐवजी केबिनला आतून कडी लावून बसले. वॉचमन आधी चष्मा आणि मग बंदूक शोधू लागला. रांगेतले लोक मात्र जागचे हलले नाहीत. नंबर जाईल ना! “दरोडा आटपला की माझं पासबुक तेवढं भरून द्या,” असे एक आजोबा म्हणाल्याचे अजून आठवते. तेव्हापासून मी खुर्चीत मांडी घालून बसू लागलो आणि पायाने दाबायच्या बटणांशी असलेला माझा संबंध संपला, असे मला वाटले.

तो पंधरा वर्षांनी पुन्हा जुळला, तो कन्येमुळे.

आमचे बिऱ्हाड साताऱ्यात आणि माझी शाखा सांगलीत. दर आठवड्याला मी कधी एस.टी.ने तर कधी रेल्वेने घरी येतो. रेल्वेचा प्रवास सुखाचा असतो, फक्त साताऱ्याचे स्टेशन साताऱ्यात नसून माहुलीकडे आहे, त्यामुळे गाडीने वाचवलेला वेळ रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यात जातो. असाच एकदा रात्री घरी पोचलो तर आतून तीन गिटारी वाजत होत्या. मी दारातच चपला मोजल्या. कन्येची एकच जोडी होती. आत गेलो तर कन्या एकटी, गिटार एक, आणि तीही मांडीवर आडवी पडलेली. वाजत होता तो जमिनीवर ठेवलेला साबणाच्या वडीएवढा डबा.

त्याला लूपर म्हणतात, हे मला तेव्हा समजले. एड शीरन नावाचा एक विलायती गायक आहे. तो रंगमंचावर बहुतेक एकटाच उभा राहतो, पायाने असली यंत्रे दाबतो आणि अख्खे स्टेडियम भरून टाकतो. जानेवारी २०२५ मध्ये तो पुण्यात येऊन गेला. कन्या मैत्रिणींबरोबर त्याला ऐकून आली आणि साठवलेल्या पैशांतून तिने हा डबा घेतला. मला तिने तो समजावून सांगितला. पायाने एकदा दाबायचे आणि वाजवायला लागायचे. पुन्हा दाबले की वाजवलेला तुकडा गोल गोल फिरत वाजत राहतो. आणखी एकदा दाबले की त्याच्यावर दुसरा तुकडा चढतो, दोन्हींवर तिसरा.

“म्हणजे चक्रवाढ व्याज!” मी म्हणालो.

“बाबा, तुम्ही बी.कॉम. कधीतरी विसराल का?”

एक अडचण होती. डब्याला बटण एकच. थांबवायचे तर ते झटपट दोनदा दाबायचे. पण पहिल्या दाबाला डब्याला वाटे, बाई आणखी काही तरी चढवणार आहेत, आणि दुसरा दाब पोचेपर्यंत पुढच्या आवर्तनाचे शेपूट वाजून जाई. सगळे सुरेख वाजवून झाल्यावर शेवटी एक ‘टँग’! कन्या रडकुंडीला यायची. डब्याच्या मागे एक भोक होते. त्यात वेगळे पायबटण जोडले की एका दाबात थांबवता येते, असे कळले. तयार बटणाची किंमत कन्येने सांगितली. मी विचारले, “आत काय असतं?”

“एक स्विच आणि दोन वायरी.”

“मग मीच करतो.”

घरात शांतता पसरली. आमच्या सौ.ने स्वयंपाकघरातून डोकावून, “अहो, गेल्या वेळची इस्त्री अजून माळ्यावर आहे,” एवढेच सांगितले.

इथे आमच्या आईबद्दल सांगायला हवे. आई कोरेगावकडच्या खेड्यातली. तिच्या लहानपणी पहाटे जात्यावर बसायचे आणि ओव्या गायच्या, हा रोजचा शिरस्ता. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्याही गेल्या. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या गेल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी त्यासाठी आयुष्याची बरीच वर्षे घातली. पण ते आमच्या आईपर्यंत पोचले नव्हते, आणि पोचले असते तरी आई परक्यापुढे गायली नसती. घरच्यांपुढेही ती कधी गात नसे. मी पंचेचाळिशीला आलो, पण मीही तिची ओवी ऐकलेली नव्हती. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी नातीने काय लाडीगोडी लावली कोण जाणे, आजी चार ओव्या गायली. आईकडून शिकलेल्या, तिच्या आईच्या. कन्येने मैत्रिणीकडून मायक्रोफोन आणि मिक्सर आणून त्या डब्यात भरून घेतल्या. (मिक्सर आणला म्हणताच सौ. चटणीचे खोबरे घेऊन बाहेर आली होती. तो निराळा मिक्सर असतो.) आजीच्या आवाजावर कन्या गिटार वाजवणार आणि स्नेहसंमेलनात शाहू कला मंदिराच्या रंगमंचावर सादर करणार, असे ठरले होते. मी त्या संध्याकाळी सांगलीत ताळेबंद जुळवत होतो. ओव्या मी नंतर डब्यातूनच ऐकल्या. दोनदा. तिसऱ्यांदा ऐकीन म्हणालो, तर आईच म्हणाली, “पुरं आता, लाज वाटती मला.”

आता बटणाकडे वळू. सांगली-मिरजेच्या मध्ये कुपवाडची एम.आय.डी.सी. आहे. तिथल्या भंगारवाल्याकडे मला प्रेस मशीनचे एक पायबटण मिळाले. वर पिवळे लोखंडी झाकण, आत पाय घालायचा. वजन भरून विकत घेतले, अडीच किलो. ज्या डब्याला ते जोडायचे त्याच्या सहापट मोठे. पण माझा मुद्दा असा होता की ज्याच्यावर कामगाराने गमबुटासकट पाय हाणलेला आहे, ते कन्येच्या पायाला काय दाद देणार!

ते घसरू नये म्हणून त्याला लाकडी पाट हवा होता. त्यासाठी मी मिरजेला गेलो. सतारी आणि तंबोऱ्यांच्या गावात पाटाचे लाकूड मागायला जाणे म्हणजे सराफाकडे खिळे मागण्यासारखे. पण तिथल्या एका कारागिराने हसून तून लाकडाचा एक उरलेला तुकडा दिला. या मंडळींचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. लढाया संपल्यावर त्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे माळ्याला टांगलेले होते. मी त्याला लूपर काय ते समजावून सांगितले, जरा ऐटीतच. त्याने ऐकून घेतले आणि तंबोऱ्याच्या चार तारा छेडल्या, पुन्हा छेडल्या, पुन्हा छेडल्या. “हेच ना?” म्हणाला. “आमच्या लूपरला पाय लागत नाही साहेब, एक शिष्य लागतो.”

रविवारी दुपारी साताऱ्यात मी कामाला बसलो. कन्या शिकवणीला गेली होती. पाव इंची जॅक, दोन हात वायर आणि सोल्डरची कांडी सांगलीहून आणली होती. दोन वायरींपैकी कुठली कुठे जोडायची, याची चिंता नव्हती. अशा बटणात त्या अदलाबदल केल्या तरी चालतात. आमच्याकडे जमेची रक्कम नावे पडली तर चौकशी लागते, त्या मानाने हा धंदा मला फारच उदार वाटला. फक्त बटणाला टोके तीन निघाली. एक सामाईक. उरलेल्या दोहोंपैकी एकावर इंग्रजीत एन.ओ. आणि दुसऱ्यावर एन.सी. असे कोरले होते.

एन-ओ, नो. म्हणजे इथे जोडू नका. कारखान्यातल्या अडाणी माणसालाही समजावे म्हणून किती स्वच्छ लिहिले आहे, असे माझ्या मनात आले. बँकेत वीस वर्षे ‘नो’ म्हणण्यातच गेलेली. तो शब्द मी चुकीचा कसा वाचीन? मी वायर एन.सी.ला जोडली, झाकण बसवले आणि जॅक डब्याच्या भोकात खोचला. डब्यावरचा दिवा लुकलुकला आणि विझला.

थांबले! मी अजून पायसुद्धा लावला नव्हता. पाय न लावता थांबवणारे पायबटण! मी सौ.ला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, “वा.” मग मी चहा मागितला आणि तोही मिळाला.

संध्याकाळी कन्या आली. तिने पिवळे धूड पाहिले, हसली, डबा चालू केला. काही वाजले नाही. तिने पुन्हा दाबले. मग जॅक उपसून दाबले. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू विचारले, “बाबा, आजी कुठे गेली?”

तो डबा दोन सेकंद सलग दाबून धरला की आतले सगळे पुसतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे सांगितले होते, मी ऐकून न ऐकल्यासारखे केले असणार. सवय!

सोमवारी शाखेत तिमाही तपासणीसाठी अलार्मवाला आला होता. काउंटरखाली वाकून तो तीच जुनी लोखंडी पट्टी तपासत होता. मी त्याला सगळी हकिकत सांगितली. तो काउंटरखालूनच म्हणाला, “साहेब, एन.ओ. म्हणजे नो नव्हे. नॉर्मली ओपन. हात लावेपर्यंत तुटलेलं, दाबलं की जुळतं. घराची बेल असते तसं. एन.सी. म्हणजे नॉर्मली क्लोज्ड. ते जुळलेलंच असतं, दाबलं की तुटतं. तुम्ही यंत्राला बेलवर बोट दाबून उभा राहिलेला पाहुणा जोडलात.” वायर काढून शेजारच्या टोकाला लावायची, दोन मिनिटांचे काम. बटण दुरुस्त झाले.

आईचे काय करायचे? कन्या माझ्याशी फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच बोलत होती. पुढच्या रविवारी मी आईसमोर पाटावर बसलो आणि चूक कबूल केली. ती गहू निवडत होती.

“मशीन इसरलं?”

“मशीन नाही विसरलं आई. मी पुसलं.”

“मग पुसू दे की. म्या बी इसरलेच हुते. त्या दिवशी कशी आली कुणास ठाऊक. हातात खुंटा नसला की पुढचं येत न्हाई बघ. त्या दिवशी बी दोन ओव्यांत गडबड झाली हुती, तुमास्नी कळलं न्हाई.”

कन्येने माझ्याकडे पाहिले. आठवड्यानंतर प्रथमच! आम्ही दोघे माळ्यावर चढलो. इस्त्रीच्या मागे जाते होते. आमच्या लग्नात हळद दळण्यापुरते पूजलेले, त्यानंतर कोणी हात न लावलेले. ते खाली आणताना माझ्या कमरेने जो आवाज केला, तो भरून ठेवायला हवा होता. धुतले, पुसले, खुंटा ठोकून बसवला. जात्याला समोरासमोर दोघी बसतात. कन्येच्या हातात यंत्र, सौ. नको म्हणाली, म्हणून आईच्या समोर मी बसलो.

पहिले चार वेढे मी चुकीच्या बाजूला ओढत होतो. “सैल सोड,” आई म्हणाली, “खुंट्याला नुसता हात लाव, जोर माझा हाय.” तिने मूठभर वैरण घातली आणि जाते फिरू लागले. घर्रर्र, घर्रर्र. कन्या डोळे मोठे करून डब्याकडे पाहत होती. लूपचे सगळे सूत्र दोन दाबांमध्ये आहे. पाय केसभर उशिरा पडला तर ते प्रत्येक फेरीत लंगडते. गिटारवर तिला हे साधायला पंधरा-पंधरा वेळा प्रयत्न करावा लागे. आजीचा वेढा पहिल्याच दाबात जुळला. पंच्याहत्तर वर्षांची बाई, वेढ्यामागून वेढा, काटेकोर एकसारखा!

मग ती गायली. चार नाही, अकरा ओव्या. त्यांतल्या एका ओवीत माझे नाव होते. माझ्या जन्माच्या आधी तिथे तिच्या भावाचे असे, असे तिने नंतर सहज सांगितले आणि पीठ भरायला घेतले. मला ताबडतोब बाहेर जाऊन काही तरी आणायचे आठवले. काय ते मी राजवाड्यापर्यंत जाऊनही ठरवू शकलो नाही, शेवटी पाव किलो कंदी पेढे घेऊन आलो.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते पिवळे धूड मी पिशवीतून नेले. रंगमंचावरच्या स्वयंसेवकाने ते दोनदा उचलून बाजूला ठेवले, त्याला वाटले सुतार विसरून गेला. आई पहिल्या रांगेत, नवे लुगडे नेसून. सभागृहात जाते घुमू लागले, त्यावर आईचा आवाज चढला आणि त्याच्याखालून कन्येची गिटार हळूहळू आली. मागच्या बाकांवरची पोरे आधी हसली, मग हसायची थांबली. मी गिटार ऐकत नव्हतो. मी फक्त तिचा उजवा पाय पाहत होतो. एन.ओ., एन.ओ., एन.ओ., असा माझा जप चालला होता.

शेवटच्या ओवीशी पाय पिवळ्या झाकणाखाली गेला. खट्. शेपूट नाही, ‘टँग’ नाही. सगळे एका क्षणात गप्प.

त्या शांततेत पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, “थांबलीस का गं? वैरण हाय की अजून!”

सभागृह हसले. कन्याही हसली. मग तिने दुसरा पाय पुढे केला, डबा दाबला, आणि जाते पुन्हा फिरू लागले.