शब्दाला साक्ष

सभा संपते. मैदानातील माणसे पांगू लागतात, व्यासपीठावरील दिवे मालवले जातात, ध्वनिक्षेपक गाडीत चढवला जातो. वक्त्याचे शब्द मात्र मागे राहतात. अमुक इतके रस्ते झाले, तमुक इतक्या घरांत वीज आली, विरोधकांच्या काळात इतके कोटी बुडाले, अशी वाक्ये श्रोते आपापल्या घरी घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी ती चहाच्या टपरीवर व शेताच्या बांधावर पुन्हा ऐकू येतात. पावशेर भाजी घेताना तराजूचा काटा न्याहाळणारा माणूस कोट्यवधींचा आकडा मात्र न तोलता स्वीकारतो. भाजीचे पैसे त्याला तिथल्या तिथे मोजावे लागतात. खोट्या आकड्याची किंमत पुढे कधीतरी, आणि बहुधा दुसऱ्याच नावाखाली वसूल होते.

सार्वजनिक जीवनातील शब्द तोलून का घ्यावा, हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील दोन प्रसंगांवरून चांगले उमगते. पहिल्या प्रसंगात त्यांचा स्वतःचाच शब्द तराजूत उणा ठरला; दुसऱ्या प्रसंगात त्यांनी सरकारचा शब्द तोलून दाखवला.

१८९७ च्या आरंभी पुणे शहर प्लेगने ग्रासले होते. साथ आटोक्यात आणण्यासाठी रँड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घरोघरी तपासणी करू लागले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, सामान रस्त्यावर काढीत. लोकांचा संताप अनावर होत होता. त्या वेळी गोखले लंडनमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते. तेथे त्यांना पुण्याहून मित्रांची पत्रे येत. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतील एकीने पुढे आत्महत्या केली, असे त्यांना कळवण्यात आले. पत्रे विश्वासातील माणसांची होती. गोखल्यांनी तो आरोप ब्रिटिश संसदेच्या काही सभासदांपुढे मांडला आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्रालाही सांगितला.

मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. पुरावा कोठे आहे, असा प्रश्न उभा राहिला. जुलैच्या अखेरीस गोखले मायदेशी परतले, तेव्हा पुण्याची हवा पार पालटली होती. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली होती आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला होता. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. नातू बंधूंना खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यात आले होते. अशा दहशतीत साक्षीला उभे राहण्यास कोण धजणार? पत्रे लिहिणाऱ्या मित्रांनी आपली नावे उघड करू नयेत, अशी गोखल्यांना विनवणी केली.

गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या. मित्रांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घेणे, ही पहिली. काहीच न बोलता वादळ शमण्याची वाट पाहणे, ही दुसरी. आपण केलेला आरोप आपल्याला सिद्ध करता येत नाही, हे जाहीरपणे मान्य करणे, ही तिसरी. एकतीस वर्षांच्या त्या प्राध्यापकाने तिसरी वाट धरली. त्यांनी आरोप मागे घेतला आणि सैनिकांची व सरकारची उघड माफी मागितली. स्वकीयांपैकी अनेकांना ही माफी भ्याडपणाची वाटली. त्यांचा रोष गोखल्यांना दीर्घकाळ सोसावा लागला.

हा प्रसंग वाचताना मनात एक प्रश्न राहतो. पुणेकरांनी सोसलेला जाच काही कल्पित नव्हता. मग माफी कशासाठी? येथेच एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा लागतो. सिद्ध न झालेली गोष्ट खोटीच असते असे नाही. परंतु ती खरी म्हणून सांगण्याचा अधिकार वक्त्याला मिळत नाही. ऐकीव माहिती पत्रातून आली आणि लिहिणारा सज्जन असला, तरी ती ऐकीवच राहते. शिवाय सिद्ध न होणारा एक आरोप सिद्ध होऊ शकणाऱ्या शंभर तक्रारींना दुबळे करतो. ज्याला तक्रारी ऐकायच्याच नसतात, त्याच्या हाती तो आयते निमित्त देतो. असत्यापासून सत्याला धोका असतोच; घाईने बोललेल्या सत्यापासूनही तो असतो.

या घटनेनंतर पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलण्यास उभे राहिले. लॉर्ड कर्झन तेव्हा व्हाइसरॉय होते. सरकारच्या तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोखल्यांनी शिल्लक नाकारली नाही. आकडा खराच होता. त्यांनी विचारले ते एवढेच, की ही शिल्लक आली कोठून?

उत्तर त्यांनी सरकारी नोंदींतूनच काढले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत चुकवावी लागे. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद करण्यात आल्या. पुढे सुमारे तेरा पेन्सपर्यंत उतरलेला रुपया सोळा पेन्सवर नेण्यात आला. त्यामुळे तेवढ्याच पौंडांसाठी सरकारला कमी रुपये लागू लागले. रयतेकडून मात्र कराचे रुपये पूर्वीइतकेच घेतले जात होते, आणि तो प्रत्येक रुपया आता अधिक महाग झाला होता. म्हणजे शिल्लक वाढली ती पीक वाढले म्हणून नव्हे, तर कर गरजेपेक्षा जास्त होता म्हणून. दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या देशात ही शिल्लक समृद्धीचे लक्षण कशी ठरावी? मिठावरील कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. तो उतरवावा, असा त्यांचा आग्रह होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एका रुपयावर उतरला.

या भाषणामागे अनेकांचे परिश्रम होते. शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेले गणेश व्यंकटेश जोशी सरकारी अहवालांतील आकडे बारकाईने अभ्यासून गोखल्यांना टिपणे पाठवीत. त्याही आधी, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजी यांनी सरकारच्याच नोंदींवरून हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये असल्याचे मांडले होते. १९०१ मध्ये कर्झन यांनी ते तीस रुपये असल्याचे सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी ते वीस रुपयांहूनही कमी असल्याचा हिशेब छापला. एकाच देशाचे उत्पन्न तीन माणसे तीन प्रकारे सांगतात, तेव्हा श्रोत्याने माणसाच्या मानमरातबाकडे पाहू नये. त्याच्या गणिताच्या पायऱ्या पाहाव्यात. पायऱ्या उघड असतील, तर चूकही सापडते आणि दुरुस्तही होते.

गोखल्यांना जे कागद मोठ्या प्रयासाने जमवावे लागले, त्यांतील बरेचसे आज सामान्य नागरिकाच्या आवाक्यात आहेत. संसदेतील प्रश्नोत्तरे आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल प्रसिद्ध होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. माहितीचा अधिकार २००५ मध्ये कायद्याने मिळाला. केंद्र सरकारच्या कार्यालयात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळावे, अशी तरतूद आहे.

तरीही कागदाआधी प्रश्न सुचावा लागतो. आकडा कोणत्या वर्षाचा आहे? तो कशाच्या तुलनेत मोठा आहे? ‘मंजूर झाले’ आणि ‘पूर्ण झाले’ यांतील नेमके काय म्हटले गेले? सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले, की कोणाकडून ऐकले? हे प्रश्न न आवडणाऱ्या नेत्याला विचारणे सोपे असते. आवडत्या नेत्याचे वाक्य त्याच तराजूत घालताना हात अडखळतो. गोखल्यांनी सरकारचे आकडे तोलले, त्यापूर्वी स्वतःचे वाक्य तोलले होते आणि ते उणे भरल्याचे चारचौघांत सांगितले होते. म्हणून १९०२ च्या त्या सभागृहात त्यांच्या मताशी असहमत असणाऱ्यांनाही त्यांच्या आकड्यांची दखल घ्यावी लागली.

पुढच्या सभेत वक्ता म्हणेल, ‘तुमच्या गावचा रस्ता झाला.’ टाळ्या वाजतील. त्या वेळी एखादा श्रोता टाळीसाठी उचललेले हात क्षणभर थांबवील आणि घरी जाताना त्या रस्त्यानेच जाईल.