काठावरचे तारे

"मॅडम, आयपीस एकदम उत्तम आहे. दोष तुमच्या आरशात आहे." दुकानदाराचं हे वाक्य तीन वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण एफ ५.९. सोबतच्या २५ मिलिमीटर प्लॉसल आयपीसमधून जेमतेम एक अंश आकाश दिसायचं. कृत्तिकांचा पसारा दोन अंशांच्या आसपास, त्या एकत्र मावायच्याच नाहीत. म्हणून ३८ मिलिमीटरचा, सत्तर अंशांचा वाइड अँगल घेतला. दोन अंशांहून जास्त आकाश मिळणार होतं.

डिसेंबरात वांगणीला तो पहिल्यांदा लावला. मधले तारे टाचणीच्या टोकाएवढे. काठाकडे सरकले की मात्र पसरायचे, आणि अगदी कडेला तर पंख उघडलेल्या पक्ष्यांसारखे दिसायचे. फोकस जरा आत घेतला की रेघ एका दिशेला, बाहेर काढला की काटकोनात फिरलेली. आरशाचा कोमा असता, तर धूमकेतूसारखी शेपटी दिसली असती, ती अशी फिरली नसती. प्लॉसलमध्ये तारे काठापर्यंत ठीक होते. शेजारच्या काकांच्या एफ १० दुर्बिणीत हाच आयपीस लावला, तर तिथेही कडा जवळजवळ स्वच्छ! एफ ६ च्या आसपास प्रकाशाचा शंकू जास्त पसरट असतो, तो साध्या रचनेच्या वाइड अँगलला पेलत नाही. हे सगळं मी दुकानदाराला सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं, "कोलिमेशन करून घ्या." कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, मी वांगणीला त्याच संध्याकाळी केलं होतं. विकताना त्याने माझ्या दुर्बिणीचा एफ रेशो एकदाही विचारला नव्हता, याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

आणखी एक गोष्ट मला घरी आल्यावर कळली. ३८ ला ५.९ ने भागलं की ६.४ येतात. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत तेवढे मिलिमीटर रुंद असतो. पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली अंधारातही बहुतेकांची पाचेकच मिलिमीटर उघडते. उरलेला प्रकाश डोळ्यात जातच नाही. आठ इंची आरसा असून मी जेमतेम सव्वासहा इंचांतून बघत होते. हे मी आधीच तपासायला हवं होतं.

आयपीस विकून टाकायचं ठरवलं होतं. मग एका रात्री शेजारची नऊ वर्षांची मुलगी स्टुलावर चढली आणि ओरडली, "सगळ्या एकदम दिसतायत!" काठ तिने पाहिलाच नाही. लहान मुलांची बाहुली मोठी उघडते, आरशाचा सगळा प्रकाश तिला मिळाला असणार. आयपीस अजून माझ्या पेटीत आहे.

तुम्ही घेणार असाल, तर आयपीसच्या मिलिमीटरांना दुर्बिणीच्या एफ आकड्याने आधी भागा. उत्तर तुमच्या बाहुलीपेक्षा मोठं आलं, तर थांबा. आणि कुणाचा तरी मागून घेऊन एक रात्र आपल्याच दुर्बिणीला लावून बघा. दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका.