चाळिशीनंतरही दात सरकतात!

दात सरळ करायला वयाची अट नाही! हिरड्या आणि जबड्याचं हाड निरोगी असलं की चाळिशीतही तारा लावता येतात, हे कळल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

आमच्या डोंबिवलीच्या गल्लीतल्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेले, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "मंगळवारी आमच्याकडे ऑर्थोडॉन्टिस्ट येतात, त्यांनाही दाखवा." बीडीएसनंतर तीन वर्षं वेडेवाकडे दात रांगेत आणण्याचंच शिक्षण घेतलेला एमडीएस डॉक्टर, आणि तो घरापासून दोन मिनिटांवर!

त्यांनी एक्स-रे समोर धरून जे समजावलं, त्यानं मी थक्क झाले. दात हाडात घट्ट चिणलेला नसतोच. हाड आणि दाताचं मूळ यांच्यामध्ये तंतूंचं बारीक अस्तर असतं. तारेनं दाताला हळूहळू ढकललं की दाबाच्या बाजूचं हाड काही पेशी विरघळवतात आणि मागे सुटलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड रचतात. महिन्याला साधारण एक मिलिमीटर! म्हणजे आपलं हाड जिवंत आहे, आयुष्यभर स्वतःला नव्यानं घडवतंय! आणि ती तार? निकेल-टायटॅनियमची. कितीही वाकवून बसवा, ती आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते आणि त्या ओढीनं दातांना रांगेत आणते.

पर्याय तरी किती! धातूच्या तारा, दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट, जिभेच्या बाजूनं लावायच्या तारा, नाहीतर पारदर्शक अलाइनर. अलाइनर खाताना काढता येतात, पण दिवसाचे २० ते २२ तास घालावेच लागतात. शेवटी रिटेनर हवाच, कारण दात जुन्या जागी परतू पाहतात.

पांढरेपणाची गोष्टही तितकीच सुरस! आधी क्लीनिंग, कारण चहाचे आणि तंबाखूचे पुष्कळ डाग तिथेच निघतात. मग दात सरळ, आणि ब्लीचिंग सर्वांत शेवटी. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपून रंगाचे रेणू तोडतं. दवाखान्यात तीव्र जेल लावतात. घरी करायचं तर मापाच्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून रात्री घालायचं. ही पद्धत १९८९ साली प्रसिद्ध झाली आणि आजही तितकीच भरवशाची आहे. काही दिवस दात शिवशिवतात. कॅप आणि फिलिंगचा रंग मात्र बदलत नाही, म्हणून नवी कॅप ब्लीचिंगनंतरच बसवायची. यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यातल्या फ्लोराइडनं पडलेल्या डागांना नुसतं ब्लीचिंग पुरतंच असं नाही. त्यांना वेगळे उपाय आहेत. आणि लिंबू-सोडा घासून इनॅमल झिजवू नका, ते पुन्हा येत नाही!

खर्चाची धास्ती वाटते? मुंबईत सीएसएमटीजवळ, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हेच उपचार खूप कमी खर्चात होतात. खासगीत जाणार असाल तर डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी बघा, तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस आहेत ना ते विचारा, आणि एकूण खर्च, हप्ते, कालावधी लिहून मागा.

हाताने तोंड झाकून हसणाऱ्या प्रत्येक मावशीला, काकांना, मैत्रिणीला माझं हेच सांगणं: एकदा दाखवून तर या!